सरकारी संगणकांचे एकत्रीकरण : बचत कोणाच्या वहीत, खर्च कोणाच्या?

(नंदुरबार येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शहादा तालुक्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक वाटण्यात आले. पंतप्रधान मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी त्या समारंभास उपस्थित होते. त्या दिवसापासून टेंभलीच्या माणसाची ओळख टेंभलीपुरती राहिली नाही. ती बंगळूर आणि मानेसर येथील संगणक-केंद्रांत जाऊन बसली. त्यानंतरच्या वर्षांत रेशनचे धान्य, निराधारांचे अनुदान, रोजगार हमीची मजुरी, सातबाराचा उतारा, जातीचा दाखला या साऱ्यांच्या नोंदी अशाच गावापासून, तालुक्यापासून आणि बहुतेक बाबतींत जिल्ह्यापासूनही दूर गेल्या. धडगावच्या रेशन दुकानात म्हातारीने यंत्रावर अंगठा ठेवला की तो खरा की खोटा याचा निर्णय शेकडो कोस दूर होतो. निर्णय आला नाही तर दुकानदार दोनच शब्द उच्चारतो : ‘सर्व्हर डाऊन’. सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून आज हे शब्द सर्वांना ठाऊक आहेत.

या विषयाकडे चळवळीतील कार्यकर्ते सहसा वळत नाहीत. हा तंत्रज्ञांचा प्रांत, असे समजून तो सोडून दिला जातो. परंतु ज्या निर्णयात सार्वजनिक पैसा गुंततो, सत्तेचे स्थान बदलते आणि ज्याच्या चुकीचा दंड गरिबाला भरावा लागतो, तो निर्णय केवळ तांत्रिक असूच शकत नाही. विखुरलेले सरकारी संगणक एका ठिकाणी आणण्याचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे किंवा वित्त विभागापुढे येतो, तेव्हा त्यात इतके कोटी खर्च, इतके कोटी बचत असा एक हिशेब असतो. तो हिशेब कसा वाचावा, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे.

एकत्रीकरण म्हणजे काय

पूर्वी प्रत्येक खात्याचा आपला संगणक-कक्ष असे. कलेक्टर कचेरीत एक, जिल्हा परिषदेत एक, तहसिलीत एखादी लहानशी खोली. त्या खोलीत माहिती साठवून ती इतर संगणकांना पुरवणारे मुख्य यंत्र, म्हणजे सर्व्हर, असे. शेजारी वातानुकूलन यंत्र, बॅटऱ्यांचा संच आणि देखरेखीला एखादा कंत्राटी तरुण. अशा अनेक खोल्या बंद करून त्यांतील माहिती आणि कामकाज एका मोठ्या केंद्रात नेणे, आणि कचेऱ्यांना तारेने वा बिनतारी यंत्रणेने त्या केंद्राशी जोडणे, याला एकत्रीकरण म्हणतात. केंद्र सरकारी मालकीचे असू शकते किंवा खाजगी कंपनीकडून भाड्याने घेतलेले असू शकते. भाड्याच्या या पद्धतीला आता ‘क्लाउड’ असे नाव आहे. पण ढगात काही नसते, जे असते ते कोणाच्या तरी जमिनीवर, कोणाच्या तरी इमारतीत असते.

भारतात हा प्रवास टप्प्याटप्प्याने झाला. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची, स्थापना १९७६ साली झाली आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तिची केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत आली. जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याचा पहिला प्रयोग १९८८-८९ मध्ये देशातील ८ जिल्ह्यांत झाला. महाराष्ट्रातून त्यासाठी वर्धा जिल्हा निवडला गेला होता. त्या काळी दिशा विकेंद्रित होती : यंत्र जिल्ह्यात, पुढे तालुक्यात. नव्या शतकात ती उलटली. राज्याच्या मुख्यालयापासून तालुक्यापर्यंत जाळे टाकण्याची योजना केंद्राने मार्च २००५ मध्ये ३,३३४ कोटी रुपयांच्या तरतुदीने मंजूर केली. २००६ मध्ये राष्ट्रीय ई-शासन योजना आली आणि जानेवारी २००८ मध्ये प्रत्येक राज्यात एक संगणक-केंद्र उभारण्याची सुमारे १,६२३ कोटींची योजना आली. महाराष्ट्राचे केंद्र मुंबईत मंत्रालयात उभे राहिले. पुढे जानेवारी २०१८ मध्ये राज्याने खाजगी कंपन्यांच्या क्लाउड सेवा वापरण्याचे धोरण जाहीर केले. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला तो प्रशासन लोकांच्या जवळ यावे म्हणून. परंतु प्रशासनाची स्मृती मात्र त्याच काळात लोकांपासून दूर जाऊ लागली होती.

एकत्रीकरणाची खरी बाजू

विरोधासाठी विरोध करणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये. एकत्रीकरणाच्या बाजूने भक्कम कारणे आहेत, ती प्रथम मान्य केली पाहिजेत.

पहिले कारण अपव्ययाचे. प्रत्येक खाते आपल्या सर्वांत गर्दीच्या दिवसाचा अंदाज धरून यंत्र विकत घेते. एरवी ते यंत्र रिकामे फिरते, वीज खाते आणि जुने होते. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने २०१० मध्ये आपली संगणक-केंद्रे मोजली, तेव्हा १९९८ मधील ४३२ केंद्रांची २,०९४ झालेली आढळली. त्यांतील काही यंत्रे क्षमतेच्या जेमतेम ५ टक्के वापरली जात होती. वेगवेगळ्या खात्यांची गर्दी एकाच दिवशी होत नाही, म्हणून एकत्र आणलेली थोडी यंत्रे अधिक काम उरकतात. दहा शेतकऱ्यांनी दहा ट्रॅक्टर घेण्याऐवजी सहकारी संस्थेने तीन घ्यावेत, असाच हा विचार आहे, आणि सहकाराच्या महाराष्ट्राला तो परका नाही.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. तालुक्याच्या धुळीने भरलेल्या खोलीत, एप्रिल-मेच्या उन्हात आणि वीज ये-जा करीत असताना यंत्र बिघडणे ही नवलाची गोष्ट नव्हे. त्या यंत्रात गावोगावच्या जमिनीच्या नोंदी असतील आणि दुसरी प्रत कोणी घेतली नसेल, तर नुकसान भरून येत नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, तीत माणसे दगावली आणि कागदी फायली मोठ्या संख्येने भस्मसात झाल्या. ज्या कागदांची संगणकीय प्रत आधीच घेतलेली होती, त्यांचा आशय वाचला. नीट सांभाळलेली मध्यवर्ती व्यवस्था काय वाचवू शकते, याचा तो पुरावा होता.

तिसरे कारण भ्रष्टाचाराचे. जमिनीची नोंद तालुक्याच्या एका खोलीत, एका माणसाच्या हाती असली की रात्रीतून नाव बदलण्याचा मोह आणि संधी दोन्ही असतात. शहाद्याच्या भूमीला हे सांगावे लागत नाही. आदिवासींच्या जमिनी सावकारांच्या आणि बड्या शेतकऱ्यांच्या नावावर कशा गेल्या, याच प्रश्नावर सत्तरच्या दशकाच्या आरंभी येथे आंदोलन उभे राहिले, १९७२ मध्ये श्रमिक संघटना जन्मली, आणि आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा राज्याला करावा लागला. कोणी, केव्हा, कोणती नोंद बदलली याची कायमची खूण ठेवणारी व्यवस्था आदिवासी खातेदाराच्या हिताचीच आहे.

तेव्हा एकत्रीकरण हवे की नको असा प्रश्न नाही. पुढे आलेला प्रस्ताव सर्व खर्च दाखवतो की नाही, हा प्रश्न आहे.

प्रस्ताव कसा वाचावा

अशा प्रस्तावाचा अभ्यास करताना चार ठिकाणी बोट ठेवावे लागते.

पहिले ठिकाण पर्यायांचे. चांगला प्रस्ताव निदान चार पर्याय तोलतो : आहे तसे चालू ठेवणे, आहे ते सुधारणे, राज्यात एक केंद्र करणे, आणि दोन केंद्रे करून जिल्ह्यात एक कामापुरती प्रत ठेवणे. वाईट प्रस्तावात दोनच पर्याय असतात. एक मुद्दाम कुरूप रंगवलेला, म्हणजे ‘काहीच न करणे’, आणि दुसरा आधीच ठरलेला. ‘आहे ते सुधारणे’ हा पर्याय गाळलेला दिसला की समजावे, निर्णय आधी झाला आहे आणि हिशेब नंतर लिहिला आहे.

दुसरे ठिकाण बचतीचे. हाती येणारी बचत आणि कागदावरची बचत यांत अंतर असते. तालुक्याची खोली बंद झाली, पण भाडे कचेरीचेच होते, वीजबिल एकच होते आणि कर्मचारी दुसऱ्या टेबलावर गेला, तर सरकारी तिजोरीत एक रुपयाही परत आला नाही. प्रस्ताव मात्र ती सारी रक्कम बचत म्हणून मांडतो. अमेरिकेत २०१० च्या मोहिमेने २०१५ पर्यंत ८०० हून अधिक केंद्रे बंद करून किमान ३ अब्ज डॉलर वाचवण्याचे लक्ष्य ठेवले. २०११ मध्ये तेथील संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने पाहिले, तेव्हा २४ खात्यांपैकी एकाच खात्याने आपल्या यंत्रसामग्रीची पूर्ण यादी दिली होती, आणि पूर्ण योजना एकानेही दिली नव्हती. पुढे ‘केंद्र’ या शब्दाची व्याख्या बदलली, लहान खोल्याही मोजल्या जाऊ लागल्या आणि केंद्रांचा आकडा कित्येक पटींनी वाढला. ज्याला आपल्या घरात किती भांडी आहेत हे माहीत नाही, त्याने भांडी कमी करून किती पैसे वाचतील हे सांगू नये.

तिसरे ठिकाण काळाचे. खर्च आज होतो आणि बचत पुढे येते. दरसाल ८ टक्के वटावाने पाच वर्षांनंतरच्या शंभर रुपयांचे आजचे मोल ६८ रुपये भरते. एक कल्पित उदाहरण घ्यावे. त्यातील आकडे केवळ रीत समजण्यासाठी आहेत. एका जिल्ह्याच्या वाट्याला ९० लाखांचा आरंभीचा खर्च आला आणि पुढे पाच वर्षे दरसाल २५ लाख वाचणार आहेत. सरळ बेरजेने १२५ लाख वाचतात, म्हणजे ३५ लाख नफा. वटाव धरला की बचतीचे आजचे मोल सुमारे १०० लाख होते आणि नफा १० लाखांवर येतो. आता काम दोन वर्षे रखडले असे समजा. सरकारी कामात ही काही विलक्षण कल्पना नव्हे. यंत्राचे आयुष्य पाच वर्षांचेच, ते खोक्यात राहूनही जुने होते. बचतीची तीनच वर्षे हाती उरतात, त्यांचे आजचे मोल सुमारे ५५ लाख होते आणि त्याच प्रस्तावात ३५ लाखांचा तोटा निघतो. म्हणून खर्च चतकोराने वाढला, काम दोन वर्षे लांबले, बचत निम्मीच झाली, तर काय, ही तीन कोष्टके ज्या प्रस्तावात नाहीत, तो अपुरा समजावा.

चौथे ठिकाण बाहेर पडण्याच्या वाटेचे. कंत्राट संपल्यावर माहिती कोणाची? ती कोणत्या रूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत मिळणार? टेक्सास राज्याने २००६ मध्ये आपल्या सत्तावीस खात्यांची केंद्रे एकत्र करण्याचे ८६ कोटी डॉलरहून मोठे कंत्राट आयबीएम कंपनीला सात वर्षांसाठी दिले. २००८ मध्ये एका खात्याची महत्त्वाची माहिती नष्ट झाली; गव्हर्नरला स्थलांतर थांबवावे लागले आणि मुदत पुरी होण्यापूर्वीच, २०१२ मध्ये, काम दुसऱ्या कंत्राटदारांकडे गेले.

हिंदुस्थानातील समाजवाद्यांना आयबीएम हे नाव जुन्या ओळखीचे आहे. परकी चलन नियमन कायद्यानुसार भारतातील धंद्यातले आपले भांडवल ४० टक्क्यांवर आणण्यास कंपनीने नकार दिला आणि जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ मध्ये, ती देशातून निघून गेली. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने अंगावर घेतली आणि पार पाडली. परकीय कंपनीवाचून दुरुस्ती करण्याची विद्या देशात तयार होती म्हणूनच तो ठाम निर्णय पेलला. ती सरकारी कंपनी २००१ मध्ये टाटांना विकण्यात आली. आज एखाद्या राज्याने कंत्राटदाराला ‘जा’ म्हणायचे ठरवले, तर यंत्र चालवणारी सरकारी माणसे किती उरली आहेत, हा प्रश्न प्रस्तावाच्या खर्चाच्या बाजूला लिहिला गेला पाहिजे.

सगळी अंडी एका टोपलीत

धोक्याची किंमत कशी मोजायची? तिचे अलीकडचे आणि सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. कोरियाने २००५ पासून सरकारी संगणक एकत्र आणले. देजॉन येथे राष्ट्रीय केंद्र झाले. जगभर त्याची वाहवा होत असे. २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री त्या केंद्रात बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली. सरकारच्या ६४७ यंत्रणा बंद पडल्या असे प्रथम जाहीर झाले. काही दिवसांनी आकडा दुरुस्त होऊन ७०९ झाला. कारण यंत्रणांची यादी ठेवणारी यंत्रणाही त्याच इमारतीत बंद पडली होती. सुमारे सव्वा लाख सरकारी नोकर वापरीत असलेला ८५८ टेराबाइट साठा कायमचा गेला. तो फार मोठा असल्यामुळे त्याची दुसरी प्रत बाहेर ठेवलीच नव्हती. गोंग्जू येथे राखीव केंद्र करण्याचे वर्षानुवर्षे रखडले होते. सारे पूर्ववत व्हायला अनेक आठवडे लागले. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे : तीनच वर्षांपूर्वी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, काकाओ या खाजगी कंपनीची सेवा अशाच आगीत बंद पडली, तेव्हा राखीव व्यवस्था का नाही म्हणून त्या कंपनीला सरकारनेच फैलावर घेतले होते.

कोरिया श्रीमंत आहे, शिस्तीचा आहे, तंत्रज्ञानात पुढे आहे. तेथे एकत्रीकरणाची बचत पहिल्या दिवसापासून घेतली गेली आणि राखीव केंद्राचा खर्च पुढच्या अर्थसंकल्पावर ढकलला गेला. मूळ प्रस्तावात दोन केंद्रे असतात. पैसे कमी पडले की दुसरे गळते आणि बचतीचा आकडा मात्र तोच राहतो. दुसऱ्या केंद्रावाचून झालेली बचत ही बचत नव्हे. विम्याचा हप्ता न भरता वाचवलेला तो पैसा आहे.

पाड्यावरचा खर्च

परंतु आग ही क्वचित घडणारी गोष्ट. नंदुरबारला रोज भोगावा लागतो तो लहान बंदचा त्रास. हा जिल्हा सहा तालुक्यांचा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, त्यांत आदिवासी सुमारे ६९ टक्के. अक्राणी आणि अक्कलकुवा या डोंगरी तालुक्यांत मोबाईलचा मनोरा हाच सरकारशी जोडणारा दोर आहे. पावसाळ्यात तो तुटतो. केंद्र मुंबईत शंभर टक्के चालू असले तरी दोर तुटलेल्या पाड्याला ते बंदच असते. प्रस्तावात ‘केंद्र वर्षात इतके टक्के वेळ चालू राहील’ अशी हमी असते; ती केंद्राच्या दाराशी मोजलेली असते, रेशन दुकानाच्या ओट्यावर नव्हे.

धडगावपलीकडच्या पाड्यावरील एखादी शेतकरीण पीककर्जासाठी उतारा काढायला निघते असे समजा. ती पहाटे उठते, चालत रस्त्याला येते, जीपचे भाडे भरते, सेवा केंद्रापुढे रांगेत बसते. सर्व्हर बंद म्हणून परत फिरते, दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. तिची बुडालेली मजुरी आणि भाडे कोणाच्या हिशेबात आहे? खात्याच्या हिशेबात नाही, कंत्राटदाराच्या हिशेबात नाही. पूर्वीचेच कल्पित उदाहरण पुढे चालवावे. एकत्रीकरणामुळे जिल्ह्यात वर्षाकाठी बारा दिवस जास्तीचा बंद पडला. अशा प्रत्येक दिवशी पाचशे माणसे रिकाम्या हाती परत गेली. प्रत्येकाची तीनशे रुपये मजुरी बुडाली आणि शंभर रुपये भाड्यात गेले. हिशेब चोवीस लाखांचा होतो. सरकारची वार्षिक बचत होती पंचवीस लाखांची. म्हणजे समाजाच्या दृष्टीने वाचला एक लाख. बाकीचे चोवीस लाख वाचले नाहीत, ते सरकारच्या खांद्यावरून गरिबाच्या खांद्यावर गेले. बंद पंधरा दिवसांचा धरला तर समाजाला निव्वळ तोटाच आहे.

ही काही भावनेची गोष्ट नव्हे, हे अर्थशास्त्रच आहे. धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा अभ्यास केला, तेव्हा सरकारला मिळणाऱ्या पाणीपट्टीवर ते थांबले नाहीत. कालव्यामुळे साऱ्या प्रदेशाच्या जीवनात प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष काय बदलले हे त्यांनी मोजले. १९४८ मध्ये गोखले संस्थेने तो अहवाल प्रसिद्ध केला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या औद्योगिक विकास संघटनेसाठी पार्थ दासगुप्ता, अमर्त्य सेन आणि स्टीफन मार्गलिन यांनी १९७२ मध्ये प्रकल्प-मूल्यमापनाची तत्त्वे लिहिली. लाभ कोणाला आणि भार कोणावर, हे पाहिल्याखेरीज प्रकल्पाचे मोल ठरत नाही, हा त्यांचा गाभा आहे. गाडगीळांनी अप्रत्यक्ष लाभ मोजायला शिकवले. अप्रत्यक्ष तोटाही त्याच काट्यावर तोलला पाहिजे.

आणि हा धडा नंदुरबारने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. सरदार सरोवराच्या हिशेबात सिंचन होते, वीज होती. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या बुडणाऱ्या ३३ गावांचे जगणे मात्र पुरते मांडलेले नव्हते. मणिबेलीच्या लोकांनी ते मांडायला लावले. १९९२ मध्ये मोर्स समितीने पुनर्वसनाच्या आणि पर्यावरणाच्या अभ्यासातील उणिवांवर बोट ठेवले आणि मार्च १९९३ मध्ये जागतिक बँकेचे उरलेले कर्ज भारताने सोडून दिले. धरण आणि सर्व्हर यांची तुलना यातनांच्या मापाने करता येणार नाही. तशी करणे हा बुडालेल्या गावांचा अपमान ठरेल. पण हिशेबातील चूक एकाच जातीची आहे. लाभाचे आकडे राजधानीत मोजायचे आणि खर्च डोंगरात विसरायचा.

कशाला पाठिंबा द्यावा

मग भूमिका कोणती घ्यावी? जुन्या खोल्या जशाच्या तशा राखा, ही मागणी प्रतिगामी ठरेल आणि भ्रष्ट हातांच्या सोयीची होईल. मोठा साठा, दुसरी प्रत, सुरक्षा आणि बदलांची कायमची खूण हे सारे राज्याच्या केंद्रात असावे. मात्र केंद्रे दोन हवीत, ती एकमेकांपासून दूर हवीत, आणि दुसरे केंद्र तयार होऊन त्याची चाचणी झाल्याशिवाय जिल्ह्याचे यंत्र बंद करू नये. जिल्ह्यात रोजच्या कामापुरती प्रत राहावी, म्हणजे दोर तुटला तरी उतारा मिळेल, धान्य मिळेल आणि जोडणी आल्यावर नोंदी जुळवून घेता येतील. हे अशक्य नाही. २०२४ मध्ये रेशनच्या यंत्रांचा सर्व्हर राज्यभर वारंवार बंद पडला, तेव्हा जोडणीवाचून धान्यवाटपाची मुभा शासनाला द्यावीच लागली. संकटात जी मुभा दुकानदारांच्या ओरडीनंतर मिळते, ती नियमातच असली पाहिजे.

लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली, तेव्हा गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र हे चार खांब त्यांनी सांगितले. नोंदींच्या बाबतीतही कोणत्या खांबावर किती भार, हे ठरवावे लागेल. सारा भार एका खांबावर टाकून उरलेले तीन शोभेला ठेवले तर छप्पर सुरक्षित राहत नाही, हे देजॉनने दाखवून दिले आहे.

कंत्राटातही बदल हवा. बंदचा दंड केंद्राच्या दाराशी नव्हे, तर सेवा केंद्राच्या खिडकीशी मोजून लावावा, आणि दंडाची रक्कम खात्यात जमा न होता परत फिरलेल्या माणसाला भरपाई म्हणून मिळावी. लोकसेवा हक्क कायदा २०१५ मध्ये झाला. ‘सर्व्हर बंद होता’ ही सबब त्या कायद्यातील मुदतीतून सुटण्याची पळवाट होऊ देता कामा नये.

कार्यकर्त्यांचे काम

या कामासाठी संगणकतज्ज्ञ व्हावे लागत नाही. प्रत्येक सेवा केंद्राशी आणि रेशन दुकानाशी एक साधी वही ठेवता येते : तारीख, बंदची वेळ, परत गेलेल्या माणसांची संख्या, ती कुठून आली, पुन्हा किती वेळा यावे लागले. सहा तालुक्यांतून सहा महिने अशी वही नेमाने भरली, तर जिल्ह्याचा खरा खर्च प्रथमच कागदावर येईल. दुसरे काम माहितीच्या अधिकाराचे. २००५ च्या त्या कायद्याखाली मूळ प्रस्ताव, त्यातील पर्यायांची तुलना, बंदच्या तासांची नोंद, वसूल झालेला दंड आणि राखीव केंद्राच्या चाचणीची शेवटची तारीख मागता येते. तिसरे काम तलाठी, ग्रामसेवक आणि केंद्रचालक यांना बरोबर घेण्याचे. सातबारा संगणकावर आणण्याच्या काळात सर्व्हर मंद चाले, म्हणून अनेक तलाठ्यांनी रात्री जागून नोंदी भरल्या आणि त्याविरुद्ध आंदोलनेही केली. खिडकीच्या आत बसलेला आणि बाहेर उभा असलेला, दोघांनाही एकाच बंदचा जाच आहे. परंतु त्यांचे भांडण एकमेकांशी लावून दिले जाते. ते थांबवणे हे चळवळीचे काम आहे.

या वह्या आणि ही उत्तरे घेऊन जिल्हा नियोजन समितीपुढे आणि आमदारांपुढे जावे. पुढचा प्रस्ताव येईल तेव्हा त्यात ‘नागरिकांचा खर्च’ नावाचा एक रकाना असावा, एवढी पहिली मागणी पुरे आहे. मागणी लहान दिसते. पण तो रकाना एकदा छापला गेला की तो कोणाला तरी भरावा लागेल, आणि भरायचा म्हणजे कोणाला तरी धडगावच्या रांगेपर्यंत यावे लागेल.